‘तमस’ सलग पाहताना : एका फिल्म सोसायटीचा खेळ

दूरदर्शनवर १९८८ मध्ये आठवड्याच्या अंतराने दाखवली गेलेली गोविंद निहलानी यांची, फाळणीच्या वेळच्या दंगलींवरची ‘तमस’ ही मालिका पुण्यातील एका फिल्म सोसायटीने नुकतीच एकाच दिवशी सलग दाखवली. सुमारे पाच तासांच्या या खेळाची आखणी बरीचशी चांगली होती; मात्र जिथे तिचा खरा कस लागायचा, त्या प्रेक्षकांच्या चर्चेत ती उणी पडली.

सलग दाखवण्याचा निर्णय मोलाचा होता. मालिका सुरू असतानाच तिच्यावर बंदी मागणारी याचिका आली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी मालिका संपूर्ण पाहून प्रक्षेपणाची वाट मोकळी केली; पुढे सर्वोच्च न्यायालयानेही अशा कलाकृतीचा परिणाम डळमळीत मनाच्या नव्हे, तर विवेकी आणि खंबीर माणसाच्या मापाने जोखावा, असे म्हटले. घरोघरच्या प्रेक्षकाला मात्र तेव्हा एकेक तुकडाच दिसत होता. कातडी कमावणाऱ्या नथूने मारलेले डुक्कर मशिदीच्या पायरीवर सापडते, एवढाच भाग सुटा पाहिला तर राग एका दिशेने धावतो; पण पोराला कोंबडी कापायला लावून दंगलीसाठी ‘तयार’ करणारे हिंदू मास्तर, विहिरीत उड्या घेणाऱ्या शीख स्त्रिया आणि वृद्ध शीख दांपत्याला घरात आसरा देणारी, सुरेखा सिक्री यांनी उभी केलेली मुस्लिम राजो, हे सारे एका बैठकीत पाहिल्यावर तो सोयीचा राग टिकत नाही.

विहिरीच्या प्रसंगानंतर लगेच चहाची सुट्टी ठेवलेली प्रथम खटकली, परंतु सर्वांत मोकळे बोलणे झाले ते तिथेच. एक ज्येष्ठ गृहस्थ कोणाचे किती बळी दाखवले याचा हिशेब मांडत होते, त्यावर त्यांच्या पत्नीने, “अहो, मग राजो कुठल्या रकान्यात धरलीत?” असे विचारले. अशा चित्रपटांचा प्रेक्षक हा हिशेब करतोच (मीही मनात करत होतो), आणि तो उघडपणे बोलला जावा यासाठीच चर्चा हवी असते.

प्रत्यक्षात चर्चा अगदी शेवटी, निम्मे सभागृह रिकामे झाल्यावर झाली. प्रश्न चिठ्ठ्यांवर मागवले गेले आणि त्यांतून अभिनय व वनराज भाटिया यांच्या संगीताविषयीचे निरुपद्रवी प्रश्न निवडले गेले. भीष्म साहनी यांना १९७० च्या दंगलीनंतरची भिवंडी पाहून फाळणीच्या वेळची रावळपिंडी आठवली आणि त्यातून त्यांची ‘तमस’ ही मूळ कादंबरी आकाराला आली, हा आपल्याकडचा थेट धागादेखील निवेदनात आला नाही.

प्रत साधारण होती, रात्रीचे प्रसंग काळवंडलेले दिसले. ध्वनी मात्र स्वच्छ होता. तिकीट माफक असल्याने तक्रारीला फारशी जागा नाही. पुढचा खेळ ठेवताना सोसायटीने चिठ्ठ्या बंद कराव्यात आणि चहाची सुट्टी तासाभराची करून चर्चा तिथेच घ्यावी.