खारघरच्या सोसायटीचा एनर्जी ऑडिट: पंपाची मोजणी पास, भिंतींची नापास

खारघरमधल्या १२ मजली सोसायटीसाठी एका खासगी कंपनीने केलेला हा एनर्जी ऑडिट. रिपोर्ट जाडजूड आहे, पण कामाची पानं पंपाचीच. मी रिपोर्टाला पाचपैकी तीन तारे दिलेत तेही त्यांच्यामुळे.

पंपाची मोजणी झकास केली आहे. दुपारी, पाण्याचा वापर कमी असताना, वरच्या टाकीचे आउटलेट व्हॉल्व्ह बंद केले. टाकी ५ बाय ४ मीटर. पाणी ५० सेंटिमीटर चढलं की झाले १०,००० लिटर. तेवढ्यात पंपाच्या मीटरवर ३.६ युनिट पडले. ४० मीटरवर एवढं पाणी चढवायला निव्वळ १.०९ युनिट पुरतात. पंप आणि मोटर मिळून निम्मी वीज वाया गेली असं धरलं तरी २.२ च्या आसपास यायला हवं. कारणंही नेमकी दिली आहेत: इंपेलर (पाणी ढकलणारं पंपातलं चाक) झिजलेला, मोटर रिवाइंड केलेली, आणि ‘जरा मोठाच घ्या’ म्हणत गरजेपेक्षा जास्त हेडचा, म्हणजे जास्त उंचीवर पाणी चढवणारा, पंप बसवलेला, त्यामुळे डिलिव्हरीचा गेट व्हॉल्व्ह कायम अर्धा दाबलेला. बरेच ऑडिटवाले क्लॅम्प मीटरने नुसते अँपिअर बघून जातात. त्यात ना पॉवर फॅक्टर कळतो, ना किती पाणी चढलं ते.

भिंतींचं प्रकरण मात्र डोक्याला हात लावण्यासारखं. घरांच्या ऊर्जाबचतीसाठी केंद्राने काढलेल्या इको निवास संहितेप्रमाणे (२०१८) आपल्या उष्ण-दमट हवेत आरईटीव्ही, म्हणजे भिंती-खिडक्यांतून आत येणारी उष्णता, चौरस मीटरला १५ वॅटच्या वर जायला नको. रिपोर्टात ती १३.४ येते, पण भिंत एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या विटांची) धरून! इमारत मायवान शटरिंगची, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंतीही काँक्रीटने ओतलेली, बाहेरच्या भिंती सगळ्या आरसीसीच्या. त्या एएसीच्या तिपटीहून जास्त उष्णता आत सोडतात. एका भिंतीत ड्रिल लावलं असतं तरी उलगडा झाला असता. छत आरईटीव्हीत धरत नाहीत, त्याच्या यू-व्हॅल्यूला (उष्णता किती सहज आरपार जाते त्या मापाला) १.२ ची वेगळी मर्यादा आहे. इथे छत आलंय ते फक्त वॉटरप्रूफिंगच्या ओळीत.

पहिल्या पानावरचा दर चौरस मीटर वार्षिक युनिटचा आकडा देखणा दिसतो, कारण भागताना स्टिल्टचं (इमारतीखालच्या खांबांमधलं) पार्किंगही क्षेत्रफळात घेतलंय आणि कुलूपबंद फ्लॅट वगळलेले नाहीत. निम्मी इमारत रिकामी असली की असं प्रमाणपत्र आणखी चकचकीत निघेल. बदल हवा तो इथेच: क्षेत्रफळ कोणतं आणि राहते फ्लॅट किती, हे आकड्याशेजारीच छापलं पाहिजे. ब्रिटनमध्ये घरांच्या ऊर्जा प्रमाणपत्राची श्रेणी इंधनाच्या अंदाजित खर्चावर ठरत आली आहे. तिथेही आता ती पद्धत बदलायला काढलीय.

कमिटीने काम देताना तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: महावितरणची १२ महिन्यांची बिलं मीटरनिहाय, भिंतीच्या छेदाचा फोटो आणि आरईटीव्हीची एक्सेल शीट, सूत्रांसकट. नुसती पीडीएफ हातात ठेवली तर शेवटचा हप्ता अडवून ठेवा.