कॉलेज स्कोअरकार्ड आणि नेट प्राइस कॅल्क्युलेटर : मुलीच्या प्रवेशाच्या वर्षातील वापराचा अनुभव

आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी यंदा बारावी पूर्ण करीत आहे. गेल्या उन्हाळ्यापासून १ मेच्या अंतिम मुदतीपर्यंत तिच्यासाठी कॉलेज निवडताना आम्ही दोन मोफत साधने सातत्याने वापरली. एक म्हणजे अमेरिकेच्या शिक्षण खात्याचे कॉलेज स्कोअरकार्ड आणि दुसरे म्हणजे प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावरचा नेट प्राइस कॅल्क्युलेटर. पहिले साधन यादी छाटण्यासाठी उत्तम आहे आणि दुसरे खर्चाचा अंदाज घेण्यासाठी. मात्र राज्याची सीमा ओलांडली की फीचे आणि शिष्यवृत्तीचे नियम कसे बदलतात, हे या दोहोंपैकी एकही नीट सांगत नाही. तो अभ्यास स्वतंत्रपणे करावा लागतो, आणि पैशांचा मोठा फरक तिथेच पडतो.

स्कोअरकार्ड २०१५ मध्ये सध्याच्या स्वरूपात आले. किती विद्यार्थी पदवी पूर्ण करतात, मदत वजा जाता वर्षाचा खर्च किती येतो आणि पदवीनंतर कमाई किती होते, हे त्यात एका पानावर दिसते. खर्चाचे आकडे कुटुंबाच्या उत्पन्नाच्या ५ गटांनुसार दिलेले असल्यामुळे आपला गट पाहता येतो. मला सर्वांत उपयोगी वाटली ती विषयवार कमाईची नोंद. एकाच कॉलेजातील कॉम्प्युटर सायन्स आणि मानसशास्त्र यांच्या ओळी शेजारी ठेवून पाहिल्या की केवळ कॉलेजच्या नावावर निर्णय घेणे किती अपुरे आहे, हे लगेच कळते. हे आकडे सरकारी नोंदींतून घेतलेले असल्याने कॉलेजांच्या माहितीपत्रकांपेक्षा मी त्यांच्यावर अधिक विसंबते. मात्र त्यांतील खर्चाचे आणि कमाईचे आकडे फेडरल म्हणजे केंद्र सरकारची मदत घेतलेल्या विद्यार्थ्यांचेच असतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की सरकारी विद्यापीठांचा जो सरासरी खर्च तिथे दिसतो, तो त्या राज्यातील रहिवाशांचा असतो. न्यू जर्सीच्या मुलीने मिशिगन किंवा व्हर्जिनियाचे पान उघडले, तर समोरचा आकडा तिच्यासाठी नाही, हे लक्षात ठेवूनच वाचावे.

नेट प्राइस कॅल्क्युलेटर २०११ च्या ऑक्टोबरपासून कायद्याने बंधनकारक झाला, पण सर्व कॉलेजांचे कॅल्क्युलेटर सारख्या दर्जाचे नाहीत. काही जण मोजके प्रश्न विचारून सरासरी सांगतात. काही जण आयकर विवरणातील आकडे, बचत, घराची किंमत आणि मुलाचे गुण विचारतात. दुसऱ्या प्रकारच्या कॅल्क्युलेटरने दिलेला अंदाज आमच्या बाबतीत कॉलेजकडून प्रत्यक्ष आलेल्या मदतीच्या पत्रातील आकड्याच्या बराच जवळ निघाला. मराठी कुटुंबांनी इथे एक गोष्ट विशेष काळजीने भरावी. फॅफ्सा या केंद्र सरकारच्या आर्थिक मदतीच्या अर्जात आपण राहतो ते घर मोजले जात नाही, परंतु पुण्यात किंवा नाशिकला घेतलेला फ्लॅट गुंतवणूक म्हणून दाखवावा लागतो. अनेक खासगी कॉलेजे सीएसएस प्रोफाइल हा आणखी एक अर्ज मागतात, आणि त्यात राहत्या घराचीही चौकशी होते.

आता राज्यांविषयी. माझी नणंद कोलोरॅडोत राहते. पश्चिमेकडील राज्यांच्या वेस्टर्न अंडरग्रॅज्युएट एक्स्चेंज या योजनेमुळे तिच्या मुलाला शेजारच्या राज्यांतील सहभागी विद्यापीठांत स्थानिक फीच्या जास्तीत जास्त दीडपटीत शिकता येते, मात्र प्रत्येक विद्यापीठ किंवा प्रत्येक अभ्यासक्रम त्यात नसतो. मध्य-पश्चिम, दक्षिण आणि न्यू इंग्लंड येथेही अशा प्रादेशिक योजना आहेत. न्यू जर्सी मात्र यांपैकी कशातच नाही, त्यामुळे आमच्यासाठी तो मार्ग बंदच होता. जॉर्जियाची होप शिष्यवृत्ती १९९३ पासून आणि फ्लोरिडाची ब्राइट फ्युचर्स १९९७ पासून लॉटरीच्या उत्पन्नावर चालते. त्या राज्यात राहून ठरावीक गुण मिळवणाऱ्याला ती मिळते, बाहेरून आलेल्याला नाही. न्यूयॉर्कची एक्सेलसियर शिष्यवृत्ती सरकारी विद्यापीठांची ट्यूशन फी भागवते, पण जितकी वर्षे ती घेतली तितकी वर्षे पदवीनंतर न्यूयॉर्कमध्येच राहावे लागते, नाहीतर रकमेचे कर्जात रूपांतर होते. नोकरी कुठे लागेल हे अठराव्या वर्षी कोणाला ठाऊक असते? अशी अट सही करण्यापूर्वी घरात मोकळेपणाने बोलावी. नॅशनल मेरिट या परीक्षेतील गुणांवर मिळणाऱ्या देशव्यापी शिष्यवृत्तीची पात्रतारेषाही राज्यागणिक वेगळी असते, आणि न्यू जर्सीची रेषा देशात सर्वांत वरच्यांपैकी असते.

खासगी शिष्यवृत्त्या शोधून देणाऱ्या एका संकेतस्थळावरही आम्ही नोंदणी केली होती. तिथून शिष्यवृत्तीपेक्षा जाहिरातींचे ईमेलच अधिक आले. शाळेच्या समुपदेशकांनी दिलेली गावातील संस्थांची छोटी यादी त्याहून कितीतरी कामाची ठरली. बाहेरची शिष्यवृत्ती मिळाल्यावर कॉलेज स्वतःची मदत तेवढीच कमी करते का, हे आधी विचारावे. या प्रथेवर सरकारी कॉलेजांपुरता निर्बंध घालणारे मेरीलँड हे २०१७ मध्ये पहिले राज्य ठरले, आणि नंतर न्यू जर्सीनेही तसा कायदा केला.

मदतीचे पत्र आल्यावर एकूण रकमेकडे न पाहता एकेक ओळ वाचावी. एका पत्रात अनुदान, वर्क-स्टडी आणि ५,५०० डॉलरचे फेडरल कर्ज या तिन्हींची बेरीज करून तिला मदत म्हटले होते. कर्ज परत फेडायचे असते आणि वर्क-स्टडीचे पैसे काम केल्यावरच हाती येतात. म्हणून आम्ही एका कागदावर प्रत्येक कॉलेजचा संपूर्ण खर्च लिहून त्यातून केवळ अनुदान आणि शिष्यवृत्ती वजा केली. त्या कागदावर आमच्याच राज्यातील विद्यापीठ पुढे निघाले आणि मुलीनेही तेच निवडले.

एच-४ व्हिसावरील, म्हणजे एच-१बी नोकरदारांवर अवलंबून असलेल्या मुलांना फेडरल मदत मिळत नाही. ग्रीन कार्ड असलेल्यांना ती मिळू शकते. मात्र एच-४ वरील मुलांना स्थानिक फीचा दर देण्याविषयी राज्यांचे नियम निरनिराळे आहेत, त्यामुळे अशा कुटुंबांनी विद्यापीठाच्या रहिवासविषयक कार्यालयाकडून लेखी उत्तर मागवावे आणि ते हाती आल्यावरच त्या कॉलेजचा खर्च मांडावा.