वागातोरला फॉरेन डीजेच्या नावावर पैसे उकळले, तिकीट काढायच्या आधी वाचा

टेक्नो, सायट्रान्स असलं इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक मनापासून ऐकणारे आणि सीझनला गोव्यात यायचा प्लॅन असलेले जे कोणी आहेत त्यांनी प्लीज हे पूर्ण वाचा. थोडं लांबलंय, पण जसं घडलं तसंच लिहितोय. मी डिचोलीचा, नोकरी पणजीत, त्यामुळे हणजूण-वागातोर पट्टा मला काही नवीन नाही. बाहेरून येणाऱ्यालाच फसवतात असं बरेच जण समजतात, तसं काही नाहीये. क्लबचं नाव इथे लिहीत नाही कारण तक्रार दिलेली आहे आणि ते प्रकरण चालू आहे.

झालं असं की युरोपातल्या एका टेक्नो जोडीचं पोस्टर फिरत होतं, दोघांचे फोटो, मोठ्या अक्षरात नावं, खाली 'इंडिया टूर'. या दोघांचे सेट मी कॉलेजपासून ऐकतोय, ऑफिसला जाताना बसमध्ये तेच चालू असतं. कोल्हापूरचा माझा मावसभाऊ पण याच नादातला, त्याला कळवल्यावर तो आणि वहिनी रजा काढून खास यासाठी आले, आणि सोबत माझा ऑफिसमधला एक मित्र. तिकीट माणशी 2,500, त्यातले 1,500 कव्हर म्हणजे आत खाण्यापिण्यावर वापरायचे. चौघांचे 10,000 आधीच गेले. पैसे क्लबच्या खात्यावर नाही, प्रमोटरने पाठवलेल्या क्यूआरवर, आणि स्कॅन केल्यावर नाव आलं कुठल्यातरी माणसाचं. मी लगेच फोन करून विचारलं तर म्हणाला तो क्लबचा अकाउंटवालाच आहे दादा, सीझनला सगळे असेच घेतात. तिकीट म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो आला, त्यावर बारकोड. गेटवर तो बारकोड कोणी स्कॅनच केला नाही, कागदावर नाव बघितलं आणि मनगटाला बँड बांधला, बस्स.

आत गेल्यावर कव्हरचा खेळ कळला. 1,500 चं कव्हर चालणार ते वेगळ्या मेनूवर, त्या मेनूत बिअरची पाइंट 600 रुपये, जी बाहेर वाईन शॉपमध्ये शंभराच्या आत मिळते, आणि पाण्याची बाटली 200. वर आणखी कव्हर 11 पर्यंतच वापरायचं, नंतर बाद. हे पोस्टरवर नव्हतं, तिकिटावर नव्हतं, काउंटरवाल्याने ऑर्डर देताना सांगितलं. वहिनी दारू घेत नाहीत, त्यांच्या कव्हरमध्ये दोन लेमन सोडा आणि एक फ्राइज एवढंच बसलं.

पोस्टरवर 'ओपन एअर' होतं. 10 वाजले आणि बाहेरचे स्पीकर बंद. हा नियम सगळ्या क्लबवाल्यांना पाठ आहे, 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर स्पीकर लावता येत नाही, सरकार वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस 12 पर्यंत सूट देऊ शकतं तेवढीच. हणजूण-वागातोरचे गावकरी या आवाजावरून हायकोर्टापर्यंत गेलेत आणि त्यांचं काही चुकत नाही, म्हातारी माणसं, शाळेची पोरं, त्यांना झोप नको का. राग क्लबचा येतो, कारण मुख्य आर्टिस्ट साडेअकराला ठेवायचा आणि तिकीट ओपन एअर म्हणून विकायचं म्हणजे विकतानाच माहीत असतं की असं होणार नाही. आम्हा सगळ्यांना आतल्या हॉलमध्ये कोंबलं. एसी नावाला, धूर मशीन चालू, हात वर करायला जागा नाही, वहिनी भिंतीला टेकून उभ्या.

साडेअकराचे साडेबारा झाले, मग एक वाजला. मग लाइट बंद, पडद्यावर त्या जोडीचं नाव, लोक ओरडले, आणि स्टेजवर आला एकच माणूस. टोपी, काळा गॉगल, मास्क. पहिली काही मिनिटं मला पण वाटलं एक आलाय, दुसरा येईल. पण उंची वेगळी, उभं राहायची पद्धत वेगळी. मी गर्दीतून सरकत सरकत डीजेच्या बूथच्या बाजूला गेलो, जिथून डेक, म्हणजे ट्रॅक वाजवायची यंत्रं, दिसतात.

आता जे बघितलं ते नीट सांगतो कारण पुरावा हाच आहे. दोन डेक होते. डावीकडचा चालू, उजवीकडच्याच्या स्क्रीनवर ट्रॅकच लोड नाही. चालू डेकच्या स्क्रीनवर उरलेला वेळ दिसतो, तिथे 38 मिनिटांच्या पुढचा आकडा उलटा मोजत होता. टेक्नोचा ट्रॅक साधारण सहा ते आठ मिनिटांचा असतो, दहा म्हणजे डोक्यावरून पाणी. 38 मिनिटं उरलीत म्हणजे कुणीतरी आधीच रेकॉर्ड केलेला अख्खा मिक्स एकच फाइल म्हणून लावलाय. मधे दोन ट्रॅक बदलले, कानाला स्पष्ट कळलं, पण याचा हात मिक्सरवर नव्हताच, दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवत होता. पुढचा ट्रॅक आधी ऐकून जुळवायला डीजे हेडफोन लावतो, याचा गळ्यातच, एकदाही कानाला लावला नाही. फिल्टरचं एक बटण फिरवायचा, आवाजात फरक शून्य. मी मोबाइल काढून स्क्रीन झूम करून व्हिडिओ घेतला, तेवढ्यात बाउन्सरने खांद्याला धरून मागे ढकललं की इथे शूटिंग अलाऊड नाही. पुढे सगळी पब्लिक शूटिंगच करत होती.

त्याच वेळी मावसभावाने त्या जोडीचं ऑफिशियल पेज उघडलं आणि मला दाखवलं. त्यांची स्टोरी तासाभरापूर्वीची, युरोपातल्या एका शहरात साउंडचेक करतानाची, दोघेही. टूरच्या यादीत भारत नाहीच. मी ते बघून थंड पडलो, खरंच. दादा एवढ्या लांबून आला, त्याला काय सांगायचं हेच सुचेना.

बाहेर येऊन मॅनेजरला गाठलं. तो म्हणाला आम्ही फक्त जागा भाड्याने दिली, आर्टिस्ट आणि तिकीट प्रमोटरचं. प्रमोटर गेटवरच होता, तो म्हणाला फ्लाइट कॅन्सल झाली, शेवटच्या क्षणी 'लेबलचा आर्टिस्ट' बोलावला. फ्लाइट कॅन्सल झाली तर पडद्यावर त्यांचं नाव का लावलं, यावर उत्तर नाही. रिफंडचं क्लबला विचारा म्हणाला. हा त्याच्याकडे बोट दाखवतो, तो याच्याकडे, आणि पैसे तिसऱ्याच माणसाच्या खात्यात. सगळी मेख इथेच आहे, दोघांनाही हात वर करता यावेत म्हणूनच हे असं रचलेलं असतं.

म्हणून तिकीट काढायच्या आधी त्या डीजेच्या स्वतःच्या पेजवर ती तारीख आणि ते गाव आहे का ते बघा. क्लबच्या किंवा प्रमोटरच्या पेजवर नाही, तिथे फोटो कोणीही टाकतो. मोठे टूर करणारे लोक पुढच्या तारखा स्वतः टाकतात, रेसिडेंट अ‍ॅडव्हायझर या इलेक्ट्रॉनिक म्युझिकच्या वेबसाइटवर पण शहरानुसार यादी असते. तिथे गोवा नसेल तर आर्टिस्टच्या पेजला सरळ मेसेज करून विचारा. आणि पैसे मागणारं खातं माणसाच्या नावाचं असेल तर जीएसटी नंबर असलेली पावती मागा. नंबर 15 अक्षरांचा असतो, गोव्याचा 30 ने सुरू होतो, जीएसटीच्या साइटवर टाकला की खरं नाव निघतं कंपनीचं. आमच्या बारच्या बिलावर असाच नंबर होता, त्यामुळेच तक्रार कोणावर करायची ते तरी कळलं.

कव्हर बाद झाल्यावर बारमध्ये जे घेतलं त्या बिलावर 10 टक्के सर्व्हिस चार्ज पण लावला होता. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 4 जुलै 2022 च्या गाइडलाइनप्रमाणे हा आपोआप लावता येत नाही आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली हायकोर्टाने त्या कायम केल्यात, हे मी शांतपणे सांगितल्यावर कुरकुर करत काढला. परत यायला टॅक्सीवाल्याने म्हापशापर्यंत 1,800 सांगितले, ते तर जाऊच दे.

मला पैशापेक्षा दुसऱ्याच गोष्टीचा त्रास जास्त झाला. याच हणजूणच्या किनाऱ्यावर गोवा गिलसारखा डीजे कॅसेट आणि डॅट (डिजिटल ऑडिओ) टेपवर चोवीस चोवीस तास वाजवायचा, 2023 मध्ये तो गेला. उकाड्यात रेकॉर्ड वाकतात म्हणून इथले डीजे टेप वापरायचे, त्यातून गोवा ट्रान्स जगभर गेला. ज्या गोव्याच्या नावाचं संगीत आहे तिथे आज फाइल लावून टाळ्या वाजवणाऱ्याला 2,500 देऊन बघायचं, हे मला सहन होत नाही. इथे आजही आपले गोव्यातले पोरं रात्र रात्र प्रॅक्टिस करून खरं वाजवतात, त्यांना वॉर्मअपला अर्धा तास पण नीट मिळत नाही.

तक्रार 1915 वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवली आहे. खोटी जाहिरात 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसते, 5 लाखांपर्यंतच्या केसला जिल्हा आयोगात फी लागत नाही आणि घटनेपासून 2 वर्षांच्या आत जाता येतं, त्यामुळे उत्तर गोवा आयोगात जायची तयारी चालू आहे. फक्त ऑनलाइन पैसे घेऊन गायब झालेला असेल, शोच झाला नसेल तर वेळ न घालवता 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. प्रमोटरने मला ब्लॉक केलंय पण पोस्टर, व्हॉट्सअ‍ॅप चॅट, यूपीआयचा रेफरन्स नंबर, बँडचा फोटो सगळं आमच्याकडे सेव्ह आहे.

माझ्या व्हिडिओत स्क्रीनवरचा आकडा दिसतो पण हलल्यामुळे थोडा अस्पष्ट आहे. त्या रात्री जे कोणी पुढे उभे होते आणि ज्यांच्याकडे बूथचा किंवा पडद्यावरच्या नावाचा क्लिअर व्हिडिओ असेल त्यांनी तो डिलीट करू नका आणि मला मेसेज करा, आयोगात तो लागणार आहे.