क्लिकवाला टॉर्क रेंच, काही महिन्यांनंतर: व्हील स्टड वाचवतो, पण एकटा नाही

रेंच अर्धा इंच ड्राइव्हचा (म्हणजे सॉकेट चढवायचा चौकोन अर्ध्या इंचाचा), 28 ते 210 न्यूटन-मीटरचा (आवळण्याच्या जोराचं, म्हणजे टॉर्कचं माप), साधा क्लिकवाला: लावलेल्या आकड्याइतका जोर आला की 'क्लिक' करणारा. डिजिटल नाही. तो घेण्याचं कारण म्हणजे टायरच्या दुकानात तुटलेला व्हील स्टड, म्हणजे चाकाचा नट ज्यावर चढतो तो आट्यांचा दांडा. टायर बदलून चाक परत चढवताना तिथल्या मुलाने नट इम्पॅक्ट गनच्या (झटके देत नट आवळणाऱ्या यंत्राच्या) सॉकेटमध्ये ठेवला, थेट स्टडवर नेला आणि ट्रिगर दाबला. बोटांनी एक फेरासुद्धा दिला नाही. नट तिरका चढला, गन थडथडत राहिली आणि स्टड मधूनच तुटून नटासकट खाली पडला.

दुकानदाराचं उत्तर तयार होतं: स्टड जुना होता, आधीच तडा गेलेला होता. हे मी मान्य केलं नाही, कारण तुकडा माझ्या हातात होता आणि तुटलेलं लोखंड बरंच काही सांगतं. आधीचा तडा असेल तर त्या भागात गंज किंवा काळपटपणा शिरलेला असतो. नट ढिला राहून स्टड हळूहळू तुटत आला असेल तर तुटलेल्या तोंडावर लाटांसारख्या रेषा दिसतात. इथे अख्खं तोंड एकसारखं उजळ राखाडी होतं, कडेपासून कडेपर्यंत. नटाच्या आत पाहिलं तर पहिल्या दोन आट्यांचे माथे चपटे झालेले आणि त्यांत लोखंडाचा चकचकीत कीस अडकलेला. नट सरळ बसला असता तर हा कीस निघालाच नसता.

बऱ्याच वादानंतर त्यांनी स्टडचे पैसे सोडले, मजुरीचे नाही. खरा खर्च मजुरीचाच असतो. स्टड हबमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागात, मागून दाबून बसवलेला असतो, त्याच्या दात्यांची पकड हबच्या भोकात असते. काही गाड्यांत हबच्या मागे स्टड बाहेर काढायला जागाच नसते, मग अख्खा हब सोडवावा लागतो. त्याच गनने त्याच चाकाचे बाकीचे नटही आवळलेले असल्यामुळे मी त्या चाकाचे सगळे स्टड बदलून घेतले. प्रमाणाबाहेर ताणला गेलेला स्टड बाहेरून धड दिसतो, पण त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. त्या कामाच्या बिलापुढे रेंचची किंमत मला जड वाटली नाही.

आता रेंचबद्दल. हातात वजनदार, रॅचेट घट्ट, क्लिक स्पष्ट. कानाला ऐकू येतो आणि तळहातालाही जाणवतो, त्यामुळे गोंगाटातही चुकत नाही. माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये व्हील नटचा आकडा 103 न्यूटन-मीटर आहे. 12 मिलिमीटरचे स्टड असलेल्या बऱ्याच गाड्यांचा आकडा याच्याच आसपास असतो, 14 मिलिमीटरवाल्यांचा बराच जास्त. स्वतःचं मॅन्युअल पाहून सेट करा, दुसऱ्याच्या गाडीचा आकडा उचलू नका. पहिल्यांदा 103 ला आवळताना हे भलतंच सैल वाटेल. वर्षानुवर्षं जीव खाऊन आवळलेले नट सोडवल्यावर हाताला तीच सवय लागलेली असते. मोठी इम्पॅक्ट गन 500 च्या पुढे सहज जाते, तेव्हा त्यापुढे 103 सैल वाटणारच.

आणि इथे माझी मोठी तक्रार येते, जी इतक्या महिन्यांत कमी झालेली नाही: या रेंचवरचे आकडे.

दांड्यावर एका बाजूला फूट-पाउंडची पट्टी आहे, दुसऱ्या बाजूला न्यूटन-मीटरची. फूट-पाउंडचे आकडे मोठे, पांढऱ्या रंगाने भरलेले. न्यूटन-मीटरचे आकडे लहान आणि नुसते कोरलेले, रंगच नाही. चकचकीत धातूवर कोरलेले बिनरंगाचे आकडे गाडीच्या सावलीत बसून वाचून बघा. रेंच सहज उचलला तर डोळा आधी फूट-पाउंडवर जातो. 103 हा आकडा त्या पट्टीवर लावला तर प्रत्यक्षात जवळजवळ 140 न्यूटन-मीटर बसतात. म्हणजे स्टड वाचवायला घेतलेलं हत्यारच स्टड ताणायला तयार. त्यात न्यूटन-मीटरच्या पट्टीवर रेघा 14-14 च्या टप्प्याने: 84, 98, 112. मधले आकडे मुठीच्या फिरत्या कड्यावर मोजायचे. 103 साठी मूठ 98 च्या रेघेवर शून्याला आणायची, मग वर 5. एकदा समजल्यावर अवघड नाही, पण ज्या कंपनीने पॅकिंगवर एवढ्या ठळक अक्षरांत न्यूटन-मीटर छापलंय तिला दांड्यावर रंगाचा एक थेंब परवडू नये याचा मला मनापासून राग आहे. शेवटी मीच कोरलेल्या आकड्यांत पांढरा रंग भरला, वरचा रंग ओला असताना पुसून घेतला, आणि पेटीच्या झाकणात '98 + 5' असं लिहून चिकटवलं. काही मॅन्युअलमध्ये आकडा किलोग्रॅम-मीटरमध्ये असतो, त्याला 9.8 ने गुणलं की न्यूटन-मीटर मिळतात. 10.5 दिसलं तर ते हेच 103.

सुरुवातीचे काही आठवडे मी हा रेंच सगळ्यांना डोळे मिटून घ्या म्हणून सांगत होतो. आता तसं सांगत नाही. रेंच खराब नाही, पण त्याला एकच गोष्ट कळते: फिरवताना किती जोर लागतोय. तो जोर कशामुळे लागतोय हे त्याला कळत नाही. तिरका चढलेला नट आट्यांत अडकून जड झाला तरी क्लिक येणार. गंजलेल्या स्टडवर नट रखडत गेला तरी क्लिक येणार, आणि चाक मात्र हबवर पुरतं दाबलं गेलेलं नसणार. उलट आट्यांना तेल किंवा ग्रीस लागलं असेल तर नट सरसर पुढे जातो, क्लिक यायच्या आत स्टड हवा त्यापेक्षा जास्त ताणला जातो. कोरड्या आट्यांत आपण लावलेल्या जोरापैकी साधारण 10 टक्केच स्टड ताणायला कामी येतो. बाकीचा नटाखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात जातो. घर्षण थोडं जरी बदललं तरी त्या 10 टक्क्यांचं गणित पार बदलतं. म्हणून मॅन्युअल स्पष्टपणे तेल लावा म्हणत नसेल तर आटे कोरडे आणि स्वच्छ ठेवायचे. गंजलेला नट सोडवायला तेल मारलं असेल तर चाक चढवण्याआधी ते पुसून काढायचं.

तर स्टड खरा वाचतो तो रेंच हातात घेण्याच्या आधी, बोटांनी. चाक हबच्या मधल्या उंचवट्यावर नीट बसवायचं, एका हाताने आत दाबून धरायचं, म्हणजे त्याचं वजन स्टडवर लोंबकळत नाही. मग प्रत्येक नट फक्त बोटांनी. मी आधी अर्धा फेरा उलटा फिरवतो. आट्याचं तोंड जुळलं की बारीकसा 'टक्' जाणवतो, तिथून सुलट फिरवायचं. निदान पाच-सहा फेरे बोटांनी, कुठेही न अडता गेले पाहिजेत. दुसऱ्या फेऱ्याला अडला तर पाना लावायचा नाही, नट काढून पाहायचं: आट्यांत माती आहे का, नट बदललेला आहे का. 12 मिलिमीटरच्या नटांतही 1.25 आणि 1.5 असे दोन पिच (दोन आट्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये) असतात, आणि चुकीचा नट फेरा-दीड फेरा गुपचूप चढतो, मग गन त्याला जबरदस्तीने पुढे नेते. सगळे नट बोटांनी बसल्यावर पान्याने टेकवायचे, समोरासमोरचे किंवा चांदणीच्या क्रमाने. जॅक उतरवून टायर जमिनीला टेकला की टॉर्क रेंच, तोही त्याच क्रमाने. क्लिक आला की थांबायचं. खात्रीसाठी पुन्हा पुन्हा क्लिक करत राहिलं तर दर वेळी नट थोडा पुढे सरकू शकतो.

टायरच्या दुकानात मी आता आधीच सांगतो: नट बोटांनी लावा, गन फक्त टेकवण्यापुरती, शेवटचं आवळणं माझ्या रेंचने. काही जण तोंड वाकडं करतात, पण ऐकतात. न ऐकणाऱ्याकडे मी चाक खोलू देत नाही.

सोडवायला मात्र हा रेंच कधीच वापरू नका. त्यासाठी लांब दांडीचा साधा पाना आणि सहा कोनी सॉकेट. बारा कोनी सॉकेट फक्त कोपऱ्यांवर पकडतो, आणि जाम नटावर कोपरे गोल व्हायला एक झटका पुरतो. पान्यावर पाय देऊन उभं राहिलं की सॉकेट तिरका होतो, मग कोपरे हमखास जातात. सॉकेट नटावर पूर्ण खोल गेला पाहिजे. काही नटांवर पातळ स्टीलची टोपी चढवलेली असते. टोपीच्या आत पाणी जाऊन गंज धरला की ती फुगते, आणि 19 चा सॉकेट बसेनासा होतो. मग कोणीतरी तो ठोकून बसवतो नाहीतर 20 चा लावतो, आणि नट गेलाच. असे नट दिसले तर वेळेतच एकसंध नट घालून घ्या. त्यात नटाची बैठकही जुळली पाहिजे: शंकूसारखी, गोलाकार किंवा वॉशरवाली सपाट, चाकाचं भोक जसं असेल तशीच. शंकूच्या जागी गोलाकार नट घातला तर तो कडेच्या एका बारीक रेषेवर टेकतो आणि पुढे ढिला होतो.

हब आणि चाक जिथे एकमेकांना टेकतात तो पृष्ठभाग तारेच्या ब्रशने घासायचा, हे माझ्या हातून आता आपोआप होतं. तिथला गंजाचा किंवा रंगाचा थर नंतर दबतो आणि नट ढिले पडतात. म्हणूनच नवीन अलॉय लावल्यावर किंवा चाक काढून बसवल्यावर 50 ते 100 किलोमीटरनंतर एकदा पुन्हा रेंच लावायचा. पहिल्यांदा असं तपासलं तेव्हा एक नट क्लिक यायच्या आधी बराच फिरला. त्या एका तपासणीने रेंचचे पैसे वसूल झाले असं मी मानतो.

अचूकतेबद्दल: कंपनी अधिक-उणे 4 टक्के सांगते. ओळखीच्या मशीन शॉपमधल्या टेस्टरवर 100 ला लावून पाहिला, त्या मर्यादेत निघाला. काम झालं की मूठ सैल करून सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवायची, नाहीतर आतली स्प्रिंग ताणलेली राहून हळूहळू खोटं सांगू लागते. अशा रेंचचं कॅलिब्रेशन 5000 क्लिक किंवा वर्षभर, जे आधी होईल तेव्हा करतात. कंपनीला विचारलं तर ती सोय आमच्याकडे नाही, नवीन घ्या असं उत्तर आलं. यासाठी मी एक तारा कापला, आणि आकड्यांच्या रंगासाठी दुसरा. पाचपैकी तीन, आणि तरीही माझा रेंच मी कोणाला उसना देत नाही.

ज्यांच्या गाडीला स्टडऐवजी बोल्ट आहेत त्यांच्यासाठी एक वेगळी गोष्ट. तिथे बोल्ट तिरका गेला तर खराब होतात ते हबमधलेच आटे, म्हणजे नुकसान आणखी मोठं. बोल्टच्याच मापाची, पुढे आटे असलेली एक लांब गाइड पिन मिळते. ती हबमध्ये हाताने लावायची, चाक तिच्यावर टांगायचं, बाकीचे बोल्ट बोटांनी बसवायचे आणि शेवटी पिन काढून तिथला बोल्ट लावायचा. लॉक नट (चाक चोरीला जाऊ नये म्हणून लावलेला, खास चावीनेच निघणारा नट) असेल तर त्याची चावी गनला लावू द्यायची नाही, ती फुटली की दुसरी मिळेपर्यंत चाक निघत नाही.