नर्सना जर्मनीला पाठवणारी पुण्यातली ही संस्था: आधी काम दाखवते, मग कागद मागते

मी मिरजेत जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलं, नंतर सांगलीच्या एका खासगी हॉस्पिटलात आयसीयूला होते, आणि सध्या जर्मनीत बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात वृद्धांच्या वॉर्डात आहे. मला ज्या संस्थेने इथे आणलं तिच्याबद्दल लिहायचं आहे. ज्युनिअर मुलींचे सारखे मेसेज येतात, "ताई, हे लोक पैसे तर बुडवत नाहीत ना?" त्याचं उत्तर सोपं आहे. निवड, कागदपत्रं, व्हिसा यांच्यासाठी माझ्याकडून पैसे घेतले नाहीत, तो खर्च इथल्या हॉस्पिटलने केला. पण मी या संस्थेला चांगलं म्हणते ते त्यासाठी नाही. जर्मनीत माझा दिवस नेमका कसा जाणार हे यांनी पासपोर्टची झेरॉक्स मागायच्या आधी मला दाखवलं, त्यासाठी म्हणते.

महाराष्ट्र सरकार आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग यांच्यात २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाचा करार झाला. तेव्हापासून आमच्याकडे चौकाचौकात "जर्मनीत नर्स व्हा, लाखोंचा पगार" असे फलक दिसू लागले. फलकावर पगार असतो, झेंडा असतो, बर्फ असतो. काम नसतं.

या संस्थेचं सत्र शनिवारी असतं. तिथे पहिलं काम म्हणून एका मराठी सिस्टरला व्हिडिओवर घेतलं. ती नुकतीच नाईट करून घरी आली होती. तिने सकाळच्या पाळीचं वर्णन केलं: सहाला ओव्हर (रात्रपाळीकडून पेशंटची माहिती) घ्यायची, आणि मग नऊपर्यंत आठ-दहा आजी-आजोबांना उठवायचं, अंग पुसायचं, कवळी धुवायची, डायपर बदलायचा, स्टॉकिंग्ज चढवायचे, खुर्चीत बसवायचं, ज्याला गिळता येत नाही त्याला भरवायचं. गोळ्या, ड्रेसिंग, राउंड, कॉम्प्युटरवरच्या नोंदी हे सगळं त्याच्यासोबत आणि त्याच्यानंतर. हॉलमध्ये एकदम शांतता झाली. एका मुलीने विचारलं, "हे मावशी करत नाहीत?" सिस्टर म्हणाली, "मावशी नाहीत. तूच."

हा प्रश्न किती मोठा आहे हे आपल्याकडच्या नर्सलाच कळेल. आपल्या हॉस्पिटलात स्टाफ नर्स कॅन्युला (शिरेतली नळी) लावते, सलाईन चालू करते, इंजेक्शनं देते, व्हेंटिलेटर सांभाळते. बेडपॅन, स्पंज, चादर हे मावशी आणि वॉर्डबॉय बघतात, आणि भरवायचं काम नातेवाईक करतात. वर्षानुवर्षं आपल्याला हेच शिकवलं जातं की ती कामं सुटली म्हणजे आपण वर चढलो. जर्मनीत या कामाला ग्रुंडफ्लेगे म्हणतात आणि ते शिकलेल्या नर्सचंच मानतात. उलट रक्त घेणं, कॅन्युला लावणं यांसारखी आपली हातखंडा कामं बऱ्याच ठिकाणी डॉक्टर करतात. आयसीयूतून आलेल्या मुलीला हे कोणी आधी सांगितलं नाही, तर पहिल्याच आठवड्यात तिला वाटतं की आपलं शिक्षण काढून घेतलं.

संस्थेने हे नुसतं सांगितलं नाही. इच्छुक मुलींना पुण्यातल्या एका वृद्धाश्रमात सबंध पाळीसाठी पाठवलं. तिथे मी एका आजोबांना पहिल्यांदा डोक्यापासून पायापर्यंत पुसलं. सोबत जर्मनीत बरीच वर्षं काम करून आलेल्या एक बाई होत्या. त्या घाई करू देत नव्हत्या. "पाठ पुसताना माकडहाडापाशी थांब, बोटाने दाब, लाली जाते का बघ," म्हणाल्या. लाली गेली नाही. बेडसोअरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची, ती सुरुवात होती, आणि मी चार्ट बघत बसले असते तर ती मला दिसली नसती. पायावरची सूज, श्वासाचा वास, कालच्यापेक्षा आज हात कमी उचलला जातोय, पेशंट गप्प झालाय, हे सगळं अंग पुसताना कळतं, हे त्यांनी दाखवून दिलं. त्यामुळे माझ्यापुढे जे चित्र आलं ते भीती घालणारं नव्हतं. काम कष्टाचं आहे, कंबर धरते, आणि त्यात डोकं लागतं, असं ते पूर्ण चित्र होतं.

त्या पाळीनंतर काही मुली परत आल्या नाहीत. संस्थेने त्यांच्या मागे लागून मन वळवलं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. भरती करणाऱ्याला दर माणसामागे पैसे मिळतात, तरी इथे गळती होऊ दिली. आमच्या बॅचमधल्या ज्या राहिल्या त्या अजून टिकून आहेत.

उलट उदाहरण माझ्याच वॉर्डात आहे. भारतातल्या दुसऱ्या एका एजन्सीमार्फत आलेली मुलगी. तिला ऑपरेशन थिएटर मिळेल असं सांगितलं होतं. इथे आल्यावर वृद्धांचा वॉर्ड मिळाला. ती बाथरूममध्ये जाऊन रडायची. सोडून जावं तर करारात कलम होतं की ठरलेल्या मुदतीआधी गेलीस तर भाषेच्या क्लासचा आणि प्रवासाचा खर्च परत कर. ती कामात कमी पडत नव्हती. तिला खोटं सांगून आणलं होतं. आणि तिच्या दुःखाचा भार पेशंटवरही पडत होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आमच्या संस्थेने पगाराचंही असंच केलं. नमुन्याची पगाराची स्लिप पडद्यावर लावली. वर २,८०० युरो, खाली हातात येणारे साधारण १,९००. मधले कर, आरोग्यविमा, पेन्शन, बेकारी विमा आणि सेवा-विमा (पुढे आपल्यालाच सेवा लागली तर तिच्यासाठीचा) यांत जातात. लग्न झालेलं असलं तरी नवरा भारतात असेल तर करासाठी एकटीच धरतात, हेही तेव्हाच कळलं. मग भाडं, वीज, आणि टीव्ही असो वा नसो दर घराला टीव्ही-रेडिओ शुल्क म्हणून भरावे लागणारे महिना १८.३६ युरो. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे, आपल्या नर्सिंगच्या शिक्षणाला तिथली मान्यता मिळेपर्यंत तुम्ही नर्स म्हणून नाही तर सहायक म्हणून काम करता. वृद्धसेवेत १ जुलै २०२५ पासून सहायकाला तासाला किमान १६.१० युरो ठरले आणि मान्यताप्राप्त नर्सला २०.५०. सहायकाच्या या कमी पगारावर मधले महिने काढायचे असतात. मान्यतेसाठी एक तर प्रशिक्षणाचा काळ पुरा करायचा, नाहीतर केन्टनिसप्रूफुंग ही परीक्षा द्यायची. तिचा तोंडी भाग असतो आणि खऱ्या पेशंटसोबतचा प्रात्यक्षिक भाग असतो. नापास झालात तर तो भाग एकदाच पुन्हा देता येतो. हे "एकदाच" संस्थेच्या बाईंनी फळ्यावर लिहून त्याखाली रेघ ओढली होती.

भाषेबद्दल त्यांनी एक गोष्ट केली जी मी इतरत्र ऐकलेली नाही. जर्मन भाषेची बी-टू पातळी पास होणं पुरेसं आहे असं क्लासवाले सांगतात. यांनी आम्हाला खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग ऐकवलं. इथे श्वेबिश बोली चालते. पुस्तकातलं "आइन बिसखेन" इथे "आ बिसले" होतं, आणि दात नसलेल्या आजीच्या तोंडून तेही अर्धंच येतं. आमच्यापैकी कोणालाच काही कळलं नाही. पण इथे आल्यावर पहिल्या दिवशी काही कळलं नाही तेव्हा मला वाटलं नाही की माझं जर्मन वाया गेलं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये परदेशी आरोग्यसेवकांच्या भरतीसाठी आचारसंहिता आणली. नोकरीतले फायदे आणि धोके आधी कळावेत आणि माणसाला विचार करून वेळेत निर्णय घेता यावा, असं तिच्यात म्हटलं आहे. जर्मनीनेही २०२२ पासून योग्य भरती करणाऱ्यांना सरकारी शिक्का द्यायला सुरुवात केली. त्यात नर्सकडून पैसे घ्यायचे नाहीत, खर्च मालकाने करायचा, ही अट आहे. एजन्सीकडे हा शिक्का आहे का ते जरूर विचारा. पण कागदावर शिक्का असलेल्या ठिकाणीही वृद्धाश्रमातली ती पाळी मिळेलच असं नाही. ती मागून घ्या.

आता कमी पडलं ते. कुटुंबाबद्दल यांनी जवळजवळ काहीच सांगितलं नाही. नवऱ्याला आणि मुलाला आणायचं तर पुरेसा पगार आणि पुरेशा जागेचं घर दाखवावं लागतं, आणि स्टुटगार्ट या इथल्या राजधानीच्या आसपास भाड्याचं घर मिळणं हीच सगळ्यात अवघड गोष्ट आहे. हॉस्पिटलची खोली सुरुवातीपुरती असते. ती सुटल्यावर काय, हा विषय सत्रात आलाच नाही. ज्या माझ्या मैत्रिणी लहान मुलं सासूकडे ठेवून आल्या त्यांना हा धक्का फार जड गेला. हाताने करायच्या कामाबद्दल जेवढं खरं सांगितलं तेवढंच याबद्दल सांगायला हवं होतं, कारण मुली कामाने नाही, तर मुलाच्या आठवणीने परत जातात.

नाईट ड्यूटीचाही एकच फोटो दाखवला. रात्री दोघी मिळून अख्खा वॉर्ड सांभाळताना डिमेन्शियाचे (स्मृती जाण्याच्या आजाराचे) आजोबा कोट घालून घरी निघतात, ते दाखवायला हवं होतं. डिसेंबरमध्ये सूर्य आठनंतर उगवतो आणि साडेचारच्या सुमाराला मावळतो. सकाळपाळीला अंधारात जायचं, आणि जेवून थोडं पडलं की उठेपर्यंत पुन्हा अंधार. याचा मनावर काय परिणाम होतो हे कोणीतरी डॉक्टरने येऊन सांगावं. शिवाय सत्र फक्त पुण्यात होतं. लातूर, नांदेडहून येणाऱ्या मुलींना गाडीभाडं आणि बुडालेली ड्यूटी दोन्ही सोसावी लागतात.

मी पाचपैकी चार देते. चौथा तारा त्या वृद्धाश्रमातल्या पाळीचा. पाचवा राखून ठेवला आहे, घर आणि कुटुंब यांवर एक पूर्ण सत्र सुरू होईल त्या दिवसासाठी. मी संस्थेला तसं लिहिलं आहे आणि सुट्टीच्या दिवशी व्हिडिओवर येऊन बोलायची माझी तयारी आहे, हेही कळवलं आहे.

जाणाऱ्यांनी नवऱ्याला किंवा आईवडिलांना त्या शनिवारी सोबत न्यावं. आणि तीन गोष्टी लेखी मागाव्यात: वॉर्ड कोणता, हॉस्पिटलची खोली किती महिने आणि किती भाड्याने, आणि मधेच सोडलं तर किती पैसे परत करावे लागतील.