क्रिस्पी मटणासाठी घेतलेली बिडाची कढई, वापरून बघितल्यावर

घरी चायनीज टाइप क्रिस्पी मटण करायचंय आणि ते ताटात वाढेपर्यंत कुरकुरीत राहायला पाहिजे असंल तर सॉसच्या बाटल्या गोळा करण्याआधी कढई बघा. मी लातूरला गंजगोलाईतल्या एका भांड्याच्या दुकानातून बिडाची म्हणजे ओतीव लोखंडाची कढई घेतली, बारा इंची, बूड सपाट, दोन बाजूला दोन कान, वजन साडेतीन किलोच्या आसपास. निवडताना दुकानदार काका म्हणले, "ताई, चकाकी बघू नका, बूड बघा, सगळीकडं सारखं जाड हाय का ते बघा." हे लई कामाचं सांगितलं त्यांनी.

आता कढईनं एवढा काय फरक पडतो? हॉटेलातल्या भट्टीचा जाळ केवढा असतो बघितलाय ना, तेलात माल पडला तरी तेल लगेच परत तापतं, आणि आपल्या घरच्या गॅसला तेवढी ताकद नसते. ॲल्युमिनियमच्या पातळ कढईत पाव किलो मटण टाकलं की तेल एकदम गार पडतं, बुडबुडे मरतात आणि वरचं पीठ तेल पीत बसतं, मग वरून कितीही सोया सॉस आणि चिली सॉस मारा, ते मऊच राहणार. बीड जाड असतं, तापायला आठ-दहा मिनिटं घेतं पण एकदा तापलं की उष्णता धरून ठेवतं, त्यामुळं मटण टाकल्यावर तेल फार उतरत नाही आणि उतरलं तरी पटकन वर येतं. कुरकुरीतपणा सगळा इथंच ठरतो.

मटणाचं बोलायचं तर आपण मराठवाड्यातले लोक याबाबतीत नशीबवान आहोत, उस्मानाबादी शेळी आपलीच, धाराशिव-लातूर-बीडकडची काळी जात, मटणाला नावाजलेली. पण शेळीचं मटण म्हणजे चिकन नव्हे, कच्चं तळलं तर चिवट होणारच. त्यातल्या शिरा-पडदे मऊ व्हायला ओली उष्णता आणि वेळ लागतो, तेलातल्या चार मिनिटांत ते होत नाही. इंडोनेशियात चिकन तळायच्या आधी हळद, धने, लसूण, आलं, गवती चहा घालून शिजवून घेतात आणि मगच तेलात सोडतात, मी मटणाला तीच पद्धत लावते. मटणवाल्या मामांना सांगायचं, "मामा, मांडीचं द्या, हाड नको, बोटभर लांब पट्ट्या करा," आणि कोवळ्या बोकडाचं मागायचं. अर्धा किलोला आलं-लसूण, हळद, एक चक्रीफूल, दालचिनीचा तुकडा, थोडंसंच मीठ कारण पुढं सोया सॉसमधी भरपूर मीठ असतं, आणि अगदी वाटीभर पाणी. कुकरच्या चार शिट्ट्या, बोकड जरा जून असंल तर अजून दोन. दाबल्यावर दबलं पाहिजे पण रेषा सुटायला नको, चुरा झाला तर तळताना पीठ सुटून जातं. उरलेला रस्सा फेकू नका बरं का, त्यात दुसऱ्या दिवशी भात करा.

शिजल्यावर पट्ट्या ताटात पसरून पंख्याखाली चांगल्या सुकवायच्या. ही पायरी कंटाळा करून सोडायची नाही, ओलं मटण तेलात गेलं की उडतंय पण आणि तेलाची अर्धी उष्णता ते पाणी वाफ करण्यातच जाते. मग पाच-सहा चमचे कॉर्नफ्लॉवर, दोन चमचे तांदळाचं पीठ, मिरेपूड, चमचाभर सोया सॉस, आणि पीठ पट्टीला जेमतेम चिकटंल एवढंच पाणी. मैदा मी घालत नाही, मैद्यानं वरचं आवरण थोड्या वेळानं मऊ आणि चिवट पडतं, कॉर्नफ्लॉवरचं कडक राहतं.

तेल रिफाइंड शेंगदाण्याचं घ्या. आपल्याकडं घाण्याचं करडईचं तेल सगळ्यांना आवडतं, मलाही आवडतं, भाजीला, चटणीवर एक नंबर, पण ते लवकर धूर सोडतं, एवढ्या तापाला ते नको. या कढईत लिटरभर तेल व्यवस्थित बसतं आणि वर मोकळी जागा राहते, उतू जायची भीती नाही.

तळणं दोनदा. पहिल्यांदा १६० डिग्रीच्या आसपास, थर्मामीटर नसंल तर लाकडी उलथन्याचं टोक तेलात बुडवा, त्याच्याभोवती बारीक बुडबुडे सावकाश यायला लागले की सोडा. पाव-पाव किलोचे दोन घाणे. टाकल्या टाकल्या मोठाले बुडबुडे येतात, कढई खळखळते, मग तीन-चार मिनिटांत बुडबुडे बारीक होत जातात आणि आवाज खाली बसतो, म्हणजे वरचं पाणी निघून गेलं. या वेळी रंग अजून पांढरटच असतो, घाबरायचं नाही, काढायचं. जाळीवर दहा मिनिटं ठेवा, कागदावर ढीग घालू नका, खालून वाफ धरते. तेवढ्यात आतला ओलावा परत पिठाकडं येतो, म्हणून दुसऱ्यांदा १९० डिग्रीला मिनिटभर, आणि इथं या कढईचं मोल कळतं. तेल गार पडतच नाही, पट्ट्या बघता बघता तांबूस होतात आणि झाऱ्यानं हलवल्या की वाळल्या शेंगांसारख्या वाजतात. तो आवाज आला की गॅस बंद करायचा.

वरून काय घालायचं ते तुमच्यावर. चीनच्या उत्तरेला आणि शिंजियांगकडं मटणावर जिरं आणि वाळलेली मिरची घालतात, ते आपल्या जिभेला एकदम जमतं, आणि घरात सगळं असतंच. जिरं भाजून जाडसर कुटायचं, लाल मिरचीचे तुकडे, लसूण, तीळ, सगळं दोन चमचे तेलात परतून पट्ट्या त्यात फक्त घोळवायच्या. रस ठेवायचा नाही. गोड-तिखट सॉस आवडत असंल तर वाटीत वेगळा द्या, बुडवून खातील. आमच्या आईनं तर ज्वारीच्या भाकरीसोबत खाल्लं आणि कांदा मागून घेतला.

आता कढईच्या तक्रारी. एक तर लई जड आहे, तेलासकट उचलायची म्हणजे दोन माणसं किंवा तेल गार होईपर्यंत दम धरा, मनगट दुखत असंल त्यांनी दहा इंची घ्यावी. कान पण तापतात, जाड फडकं लागतंच. बीड ठिसूळ असतं, फरशीवर पडली तर तडकंल, आणि गरम कढईवर गार पाणी अजिबात ओतायचं नाही. सॉस या कढईत करू नका, व्हिनेगर आणि टोमॅटोनं वरचा मुरलेला तेलाचा थर निघतो आणि पदार्थाला लोखंडाची चव येते. धुतली की लगेच पुसून गॅसवर कोरडी करून तेलाचा हात फिरवायचा, नाहीतर आमच्या इथल्या पावसाळ्यात एका रात्रीत गंज धरती. नवीन आणल्यावर घासून, तापवून, जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात देऊन परत तापवायची, असं तीन-चार वेळा, मग रंग काळा कुळकुळीत येतो. तेल जाड लावलं तर चिकट बसतं.

किंमत ॲल्युमिनियमच्या दुप्पट-तिप्पट पडती, पण मला ती महाग वाटली नाही, भजी, वडे, धपाटे सगळं यातच चाललंय. बूड सपाट असल्यामुळं इंडक्शनवर पण चालती, फक्त काचेवर ओढू नका, उचलून ठेवा.