छोटी जलपरी: अँडरसनची की डिस्नेची?
हान्स ख्रिश्चन अँडरसनची 'छोटी जलपरी' डेन्मार्कमध्ये १८३७ साली प्रसिद्ध झाली. डिस्नेचा ॲनिमेशनपट १९८९चा. आजच्या मुलांना बहुधा आधी भेटते ती डिस्नेची एरियल.

दोघी सौदा करतात समुद्रातल्या चेटकिणीशीच, पण किंमत वेगळी. एरियलचा आवाज शंखात बंद होतो, म्हणजे तो परत मिळायची वाट उघडी राहते. अँडरसनच्या जलपरीची जीभच कापली जाते. मिळालेल्या पायांनी टाकलेलं प्रत्येक पाऊल सुऱ्यांवर पडल्यासारखं दुखतं, तरी ती राजपुत्रासमोर नाचते. हे वाचताना मला अजूनही गलबलून येतं.

खरा फरक त्यांना काय हवंय यात आहे. एरियलला माणसांचं जग हवंय आणि राजपुत्र एरिक हवाय. अँडरसनच्या जलपरीला प्रेमाबरोबर अमर आत्माही हवाय, कारण जलपऱ्या ३०० वर्षं जगून शेवटी समुद्राचा फेस होतात. तो आत्मा माणसाशी लग्न झालं तरच मिळणार. म्हणून राजपुत्र दुसरीशी लग्न करतो तेव्हा तिचं सगळंच जातं. बहिणी चेटकिणीला आपले केस देऊन सुरी आणतात. त्याला मार, तू वाचशील, म्हणतात. ती सुरी समुद्रात फेकते. चित्रपटात हा क्षणच नाही! तिथे एरिक जहाजाच्या टोकाने चेटकीण अर्सुलाला मारतो आणि लग्न लागतं.

गाणी आणि रंग यांसाठी लहानग्यांना चित्रपट जरूर दाखवा. दहा-बारा वर्षांच्या मुलांना मात्र मूळ कथाच वाचून दाखवा आणि शेवटचा 'हवेच्या कन्यां'चा, म्हणजे हवेत वावरणाऱ्या अदृश्य जीवांचा, भाग गाळू नका. सत्कृत्यांनी आत्मा मिळवायची संधी जलपरीला तिथेच मिळते.